चालणं चांगलंच, पण तोलाचा व्यायाम वेगळा

कुणीतरी विचारलंय की वयस्कर आई रोज तासभर चालते, मग तिला पडायची भीती कशाला? चालणं उत्तमच हो, दमसास वाढतो, शुगर आटोक्यात राहते, पण नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं याचा पक्का पुरावा नाहीये. २०१९ च्या कॉक्रेन रिव्ह्यूमधे (कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणारी संस्था) शंभरावर ट्रायल्स एकत्र करून बघितल्या, त्यात व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं, पण तो फायदा मुख्यतः तोलाच्या आणि उठबस टाइप व्यायामांचा. म्हणजे एका पायावर उभं राहणं, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत सरळ रेषेत चालणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं वगैरे, आणि हे सगळं भिंतीजवळच, उगाच शूरपणा नको.

दुसरं म्हणजे वयानुसार ताकदीच्याही आधी पायाची चपळाई जाते, ठेच लागली की पाऊल झटकन पुढे पडायला हवं तेच पडत नाही, म्हणून चांगल्या फिट बायकाही पडतात, वर त्या हिंडतात जास्त, जिने घाईत उतरतात, आणि मेनोपॉजनंतर हाडं ठिसूळ झालेली असतात ते वेगळंच.

आणि गोळ्या!! झोपेच्या गोळ्या, उभं राहिल्यावर बीपी एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या, यांनीही तोल जाऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांना एकदा विचाराच, स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून खालची पायरी धूसर दिसते, तेही बघा. आई गेल्या वर्षभरात एकदा जरी पडल्या असतील तर आधी फिजिओकडून तोल तपासून घ्या, मग व्यायाम ठरवा.