खूर, नळी, गावरान कोंबडी : घरच्या सुपाचे अनुभव

रानजाई

काल सकाळी गॅसवर खूर भाजत होते. नागपुरातल्या मनीषनगरचा फ्लॅट, तिसरा मजला, बाहेर डिसेंबरचं धुकं. केस जळायचा वास घरभर झाला. शेजारचे आता दार वाजवणार असं वाटत असतानाच आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "खूर भाजून राहिली का व?"

त्यांच्या खुब्याच्या ऑपरेशनला काल सोळा दिवस झाले. सोळा दिवसांत खाण्याबद्दल त्यांनी स्वतःहून एक शब्द काढला नव्हता. ताट ठेवलं की दोन घास, मग "ने". मी चिमटा हातात धरून तशीच दारात गेले. म्हणाले, "बेचक्यात पाह्य, तिथले केस राह्यतात."

मी चौथीत असताना मला टायफॉईड झाला होता. ताप उतरल्यावर अंगात उभं राहायचं बळ नव्हतं. तेव्हा आम्ही नागपुरातच, महाल नावाच्या वस्तीत राहायचो. बाबा पहाटे सायकलने जाऊन कापडी पिशवीत चार खूर आणायचे, अंगणातल्या शेगडीवर भाजायचे, सुरीने खरवडायचे, कणीक नि हळद चोळून गरम पाण्याने दोनदा धुवायचे. आई स्वतः खात नसे, पण निखाऱ्यावर गंज तीच चढवायची. संध्याकाळी उंबऱ्यावर बसून वाटी तोंडाला लावायची. तीन-चार घोट झाले की ओठाला ओठ चिकटायचे. ते चिकटणं मला अजून आठवतं.

एक चूक सांगते, दुसऱ्या कोणाकडून होऊ नये म्हणून. पहिले आठ दिवस मी बाबांना नुसतं गाळलेलं पाणी दिलं. मटण शिजवायचं, गाळायचं, पाणी त्यांना, तुकडे आम्हाला. दवाखान्यात एकाने सांगितलं होतं, "सूप द्या, हाड जुळेल." पुढचं कोणी बोललं नाही. नंतर आहाराच्या बाई भेटल्या. त्या म्हणाल्या, प्रोटीन तुकड्यात राहिलं, पेशंटला वास नि मीठ गेलं. मला रडू आलं. आता तुकडे मऊ शिजवून, हाड काढून, मिक्सरमधून फिरवून त्याच पाण्यात घालते.

तुमच्या घरी आजारपणात, बाळंतपणात, थंडीत कसं करत होते ते लिहा. मला खरंच हवं आहे.

कोष्टीपुरा

आमच्याकडे सावजी घर, म्हणजे तिखटाशिवाय मटण नाही असं लोकांना वाटते. पण माय आधी मटण हळद, मीठ, कांदा, अद्रक-लसणावर शिजवायची अन् मसाला पडायच्या आधी घरातल्या आजाऱ्याची वाटी बाजूला काढायची. तुकड्यासकट. मग उरलेल्यात काळा मसाला अन् तेल. एकाच गंजातून दोन जेवणं. बाबा हातमागावर बसायचे, त्यांना खोकला झाला की त्यांची वाटी अशीच निघायची, वरून फक्त कुटलेले मिरे. ती वाटी मले मिळावी म्हणून मी खोटं खोकलो होतो एकदा. मायने ओळखलं, पण दिली.

सई_पुणे

गंज म्हणजे? धान्याचा ढीग का?

कोष्टीपुरा

नाही जी, पातेलं. उभ्या काठाचं.

धरमपेठेची

@रानजाई बाबांना लवकर बरं वाटो. डोळ्यात पाणी आलं वाचून.

मी हेच काम करते (आहारशास्त्र, पंधरा वर्षं), म्हणून थोडं लिहिते. कच्च्या बिनहाडाच्या चिकनमध्ये 100 ग्रॅमला साधारण 22 ग्रॅम प्रोटीन असतं, मटणात 20 च्या आसपास. मसूर डाळीत 100 ग्रॅमला 24-25. एका अंड्यात 6. आता हिशोब करा : 200 ग्रॅम चिकन, मूठभर म्हणजे 30 ग्रॅम मसूर, शेवटी एक अंडं फेटून धारेने सोडलं, तर गंजात 55 ग्रॅमच्या वर गेलं. दोन मोठे वाडगे झाले, तर एकेकात 28-29. तब्येत ठीक असलेल्या 60 किलोच्या माणसाची दिवसाची गरज राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे 50 ग्रॅम आहे. ऑपरेशननंतर ती वाढते, म्हणजे एका वाडग्याला किती अर्थ आहे ते बघा.

ओठ चिकटतात ते जिलेटिन. कातडी, स्नायूबंध, सांधे यातलं कोलॅजेन मंद आचेवर तासन्‌तास शिजलं की त्याचं जिलेटिन होतं, म्हणून पायाचं सूप फ्रिजमध्ये थिजतं. हेही प्रोटीनच, पण त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, त्यामुळे एकटं पुरत नाही. सोबत मांस, डाळ किंवा अंडं हवंच. पाया टाकून द्या असं मी कधीच म्हणणार नाही. ज्याला काहीच नको वाटतं तो वासाने तरी उठून बसतो, आणि तिथून पुढे सगळं सुरू होतं.

ज्यांना किडनीचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नका. युरिक अ‍ॅसिड वाढलेल्यांनीही दाट रस्सा जपून.

विदर्भकन्या

ताई, हाडातलं कॅल्शियम सुपात उतरतं ना? सासूबाई रोज नळीचं पाणी पाजताहेत. बाळंतीण आहे.

धरमपेठेची

फार थोडं उतरतं. कॅल्शियमसाठी दूध, दही, नाचणी, तीळ. नळीतला मगज खा, चांगला आहे, पण तो मुख्यतः स्निग्ध पदार्थ. सासूबाईंना दुखवू नका हं, त्या मायेनेच करतात. फक्त त्याच वाटीत चार तुकडे मागून घ्या.

विदर्भकन्या

हाव, मागते. लेकरू उठलं, नंतर येते

बुटीबोरी_शिफ्ट

आमची रात्रपाळी. सकाळी आठला घरी येतो तेव्हा बायको ड्युटीला गेलेली असते. थंडीत पारा दहाच्या खाली, गाडीवरून येताना हात सुन्न. मागच्या वर्षीपासून असं करतो : रात्री निघायच्या आधी कुकरमध्ये अर्धा किलो चिकन (हाडासकट), मसूर, एक गाजर, चार भेदरं, लसण, मिरे, मीठ. शिट्टी झाली की बारीक गॅसवर पंधरा मिनिटं. थंड करून डबा फ्रिजमध्ये. सकाळी वर तुपासारखा पांढरा थर जमतो, तो चमच्याने काढतो, खणखणीत उकळी देतो अन् पितो. त्याच्यावर सहा तास झोप. आधी समोसा-चहावर झोपायचो, तर दुपारी डोकं दुखायचं. ते बंद झालं.

डाळ घालणाऱ्यांनी कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. माझ्या भावाकडे मसुराचा फेस शिट्टीच्या छिद्रात बसला, शिट्टीच होईना. वहिनीने वेळेत गॅस बंद केला म्हणून निभावलं. पूर्ण थंड होईपर्यंत झाकणाला हात लावला नाही कोणी.

संत्र्याची_साल

भेदरं!! किती वर्षांनी वाचला हा शब्द. माझी आजी भेदरंच म्हणायची. बंगळुरात टोमॅटो टोमॅटो करून जीभ बदलली.

बुटीबोरी_शिफ्ट

या घरी, भेदऱ्याची चटणी करतो

नवेगावबांध

कोणी मासळीचं लिहिलं नाही म्हणून लिहितो. आम्ही तळ्याकाठची माणसं. आमच्याकडे आजाऱ्याला खूर नाही, मरळ. काटे कमी, मांस घट्ट. आई मरळीचे जाड तुकडे हळद-मीठ लावून ठेवायची, पाण्यात कांदा, लसण, हिरवी मिरची उकळू द्यायची अन् मग तुकडे सोडायची. मासळीला दहा मिनिटं बस झाली, जास्त शिजवली की चोथा होतो. उतरवताना चिंचेचं पाणी. सोबत नवा तांदूळ, आसट शिजवलेला.

माझे वडील शेवटच्या महिन्यात नागपूरच्या दवाखान्यात होते. मी गावाहून डबा आणायचो, एसटीने, टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर. साकोली येईपर्यंत डबा कोमट व्हायचा. शेवटच्या डब्यातले दोन चमचे त्यांनी घेतले. म्हणाले, तळ्याचं पाणी लागते याले. @रानजाई, तुमच्या बाबांनी हाक मारली हे वाचून फार बरं वाटलं.

रानजाई

@नवेगावबांध भाऊ, काय लिहू. डबा मांडीवर, हे डोळ्यासमोरून जात नाही.

मेडिकलचा_जुना

होस्टेलला असताना किटलीत अंड्याचं सूप करायचो. सांबाराच्या काड्या, मिरेपूड, दोन अंडी. बस. परीक्षेच्या महिन्यात आमचा अख्खा मजला त्यावर जगला.

सई_पुणे

सुपात सांबार घालता??

मेडिकलचा_जुना

सांबार म्हणजे कोथिंबीर हो ताई 🙏 नागपुरात भाजीवाल्याला "सांबार द्या" म्हटलं की जुडी हातात येते.

सई_पुणे

अच्छा! मी इडलीचं समजले. काड्या घालायच्या हे आवडलं, मी फेकते नेहमी.

कोष्टीपुरा

फेकू नका, खरा वास काडीत असतो.

माळकऱ्यांची_लेक

आमच्या घरी तुळशीची माळ, अंडंसुद्धा येत नाही. माझं लग्न झालं ते खाणाऱ्या घरात. मुलगी झाली तेव्हा रक्त खूप कमी होतं. सासऱ्यांनी गावरान कोंबडीचं सूप करून आणलं आणि दारातच उभं राहून म्हणाले, "बेटा, जबरदस्ती नाही. तुला जमत नसेल तर मी मूग-मसुराचं करतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखर मसुराचं केलं, लसणाची फोडणी, वर तूप. मी तेच प्यायले चाळीस दिवस. आज ते नाहीत. नवऱ्याला, मुलीला कोंबडीचं मीच करून देते, हात कापत नाहीत आता. चव बघता येत नाही म्हणून मीठ मुलगी सांगते.

धरमपेठेची

मसूर आणि भात मिळून प्रोटीन छान पूर्ण होतं, त्यामुळे तुमचं काही कमी झालं नाही. तुमच्या सासऱ्यांना नमस्कार.

कळमेश्वर_रोड

गावरान कोंबडीबद्दल. बॉयलर वीस मिनिटांत शिजते, गावरान म्हातारी असेल तर दीड तास लागतो अन् तोच तिचा गुण. घाई असेल तर गावरान आणूच नका. आमची बुढी पहिली उकळी आली की वरची मळी पळीने काढायची, तीनदा काढायची, तेव्हा कुठं रस्सा साफ होतो. मग मूठभर ज्वारीच्या कण्या. कण्या शिजून रस्सा दाट होतो, पोटाला आधार होतो. वावरातून आलेल्या माणसाला पातळ पाणी देऊन काय उपयोग. कण्या नसल्या तर ज्वारीचं पीठ थंड पाण्यात कालवून लावा, गरमात टाकाल तर गोळे होतात.

औंदा तूर कशी आहे कोणाकडे? आमच्याकडे धुवारीने (धुक्याने) फुलोर गळला.

बोर_नदी

आमच्याकडेही तेच. दोन दिवस धुवारी होती, फुलोर झडून सरीत पडला. हरभरा बरा आहे.

कळमेश्वर_रोड

हरभऱ्यावर अळी पाहून ठेवा

उन्हाळी_वाळवण

थंडीचं सगळे लिहिताहेत, मी मे महिन्याचं लिहिते. मुलाला डेंग्यू झाला होता, ताप गेला पण पोट्टं काडीसारखं झालं. मी एकदम मोठं पातेलंभर चिकन सूप केलं आणि रात्री ओट्यावरच राहिलं. नागपूरचा मे, रात्रीही स्वयंपाकघर भट्टी. सकाळी झाकण काढलं तर वर बुडबुडे. उकळून देऊ का असा विचार मनात आला होता, खरं सांगते, दोन दिवसांची मेहनत होती. पण ओतून दिलं. उकळलं तरी काही जंतूंचं विष जात नाही हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा हातपाय गार पडले. आता केलं की लगेच पसरट भांड्यात काढते, भांडं थंड पाण्याच्या कोपरात (परातीत) ठेवते आणि तासाभरात फ्रिजमध्ये. दोन दिवसांच्या वर ठेवत नाही. बर्फाच्या ट्रेमध्येही गोठवते, चार खडे काढले की वरणात, खिचडीत घालता येतात.

संत्र्याची_साल

खिचडीत! हे करणारच. मुलगा सूप म्हटलं की पळतो.

विदर्भकन्या

लेकरू झोपलं. सासूबाईंना तुकडे मागितले. म्हणाल्या, "मी त म्हटलं बाळंतिणीला जड जाईन, म्हणून काढून घेत होती." खिमा करून घातला आज. लिंबू पिळून प्यायले. आता झोपते

बुटीबोरी_शिफ्ट

@रानजाई खूर कुठून आणता? आमच्याकडचा खाटीक भाजून देत नाही.

रानजाई

मी 'मंगळवारी बाजार'मधून आणले. न भाजलेलेच मागते, बाबांना घरी भाजलेला वास हवा असतो. चार खूर, दीड लिटर पाणी, एक कांदा, दहा पाकळ्या लसूण, अंगठ्याएवढं अद्रक, मिरे, दोन लवंगा. कुकरला दोन शिट्ट्या, मग मंद आचेवर पाऊण तास. त्यातच पाव किलो बिनहाडाचं मटण, ताईंनी लिहिलं तसं.

आज दुपारी बाबांना वाडगा दिला. सगळा प्यायले, मग बोटाने काठ पुसला. वॉकर धरून ओट्यापर्यंत आले नि गंजात डोकावून म्हणाले, "नळी कुठंय?" मी आणलीच नव्हती. उद्या सकाळी जाते.

कोष्टीपुरा

लवकर जा. आठच्या पुढे नळ्या राह्यत नाहीत.