कुत्र्यासह मुक्काम : हॉटेल, होमस्टे आणि भाड्याच्या बंगल्यांतले आपले अनुभव

कोल्हापूरकरांना सुट्टीसाठी फार लांब जावे लागत नाही. पन्हाळा जेमतेम 20 किलोमीटरवर आहे. गगनबावडा, आंबा, आंबोली सकाळी निघून दुपारच्या जेवणाआधी गाठता येतात आणि घाट उतरला की पुढे मालवण, तारकर्ली, गणपतीपुळे आहेच. घरात कुत्रा असेल तर मात्र कुठे जायचे यापेक्षा कुठे राहायचे हे आधी ठरवावे लागते. म्हणून हा धागा सुरू करत आहे. जागा चांगली की वाईट एवढेच न लिहिता, नोंदणी करताना आपण काय विचारले, समोरून काय सांगण्यात आले आणि तिथे गेल्यावर काय घडले, हे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. तक्रार असल्यास संबंधितांचे नाव टाळावे.

सुरुवात माझ्यापासून करतो. आमच्याकडे सहा वर्षांची लॅब्राडोर आहे, तिचे नाव मैना. मालवण परिसरातल्या एका रिसॉर्टच्या माहितीत ‘पाळीव प्राण्यांना प्रवेश’ असे स्पष्ट लिहिलेले होते आणि फोनवरही होकार मिळाला होता. तिथे पोहोचल्यावर सांगण्यात आले की प्रवेश आवारापुरता आहे. कुत्री मागच्या बाजूला, जनरेटरच्या खोलीशेजारी बांधावी लागेल. घरात माणसांच्या पायाशी झोपणारे जनावर परक्या जागी, जनरेटरच्या आवाजात, एकटे रात्रभर बांधून ठेवणे शक्यच नव्हते, म्हणून आम्ही अनामत सोडून दुसरी जागा शोधली. तेव्हापासून मी ‘कुत्रा चालतो का’ असे विचारत नाही. कुत्रा आमच्या खोलीत झोपेल का, जेवणाच्या जागी आणता येईल का, वेगळे शुल्क किंवा अनामत किती, खोली तळमजल्यावर मिळेल का, हे विचारतो आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागतो. लेखी उत्तर मागितले की समोरचा माणूसही मालकाला विचारूनच होकार देतो, असा अनुभव आहे.

राजारामपुरीहून

आमचा कुत्रा देशी आहे, रस्त्यावरून आणलेला. त्याच्याबाबत मला वेगळाच भेद जाणवला. फोनवर ‘कुत्रा आहे’ म्हटले की होकार येतो, मग ‘जात कोणती’ असा प्रश्न येतो आणि ‘देशी’ म्हणताच जागा शिल्लक नसते. एका ठिकाणी तर ‘पामेरियन असता तर चालले असते’ असे सरळ सांगण्यात आले. देशी कुत्रा स्वच्छतेत कोणाला हार जात नाही. केस आखूड, अंगाला वास कमी, आणि आपल्या हवेची त्याला सवय असते. तो भुंकेल की नाही हे जातीपेक्षा संगोपनावर अधिक ठरते. माझ्या मेहुण्यांकडे कारवानी आहे; त्यांची अडचण अशी की त्या जातीचा सडपातळ बांधा माहीत नसलेले लोक ‘याला खायला देत नाही का’ असे विचारतात, आणि उंची पाहून घाबरतातही. ज्या सांगली-सोलापूर पट्ट्यात ही जात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली, त्याच भागातल्या हॉटेलांत तिच्याविषयी इतके अज्ञान असावे याचे वाईट वाटते.

एक गोष्ट मात्र समजून घ्यावी. भारतीय पशुकल्याण मंडळाने 2015 साली पाळीव कुत्र्यांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, ती गृहनिर्माण संस्थांमधल्या रहिवाशांच्या संदर्भात आहेत. हॉटेल ही खासगी जागा असून कुत्रा घ्यायचा की नाही हे मालक ठरवू शकतो. त्यामुळे स्वागतकक्षात कायद्याचा दाखला देऊन वाद घालण्यात अर्थ नसतो. आपला कुत्रा कसा आहे हे शांतपणे पटवून देणे अधिक उपयोगी पडते. मी हल्ली त्याचा घरातला, गादीवर शांत बसलेला छोटा व्हिडिओ आधीच पाठवतो.

पन्हाळ्याहून, होमस्टेचालक

वरचे दोन्ही अनुभव वाचले. आम्ही नकार का देतो हेही कोणीतरी लिहायला हवे. आमच्याकडे कुत्र्यांना खोलीत परवानगी आहे आणि ती मी बंद करणार नाही, कारण ही माणसे फार आपुलकीने येतात आणि परत येतात. तरीही प्रत्येक मुक्कामानंतर काय करावे लागते ते सांगते. केस गळण्याच्या दिवसांत लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड एक रात्र राहून गेला की गादीच्या शिवणीत, पडद्यांत, सोफ्याच्या फटीत केस राहतात, आणि पुढच्या पाहुण्यांच्या मुलाला दमा असेल तर ती माझी जबाबदारी ठरते. गादीत लघवी मुरली तर चादर धुऊन भागत नाही. पन्हाळ्याच्या पावसाळ्यात गादी आठवडाभर वाळत नाही आणि वास आत राहतो. फिनेलने तो झाकला जातो, जात नाही. अशा वेळी गादी बदलावीच लागते. अनामत घेतो ती यासाठी. काही नासधूस झाली नाही तर ती निघतानाच परत देतो.

दुसरा त्रास आवाजाचा. मंडळी सज्जाकोठी आणि तीन दरवाजा पाहायला जातात, कुत्र्याला खोलीत बंद करतात आणि तो तासन्‌तास भुंकतो, दार ओरबाडतो. तो त्रास देण्यासाठी भुंकत नाही, परक्या खोलीत आपली माणसे परत येतील की नाही हे त्याला कळत नाही. पण शेजारच्या खोलीतले वयस्क जोडपे दुपारची झोप सोडून माझ्याकडे येते तेव्हा मला उत्तर द्यावे लागते. म्हणून कुत्र्याला खोलीत एकटे ठेवायचे नाही हा आमचा एकमेव कडक नियम आहे.

आणि एक नाजूक बाब. कोकणात आणि आमच्याकडेही अनेक होमस्टे हे राहते घर असते. स्वयंपाकघरात सोवळे असते, देवघर असते, सासूबाई असतात. तिथे कुत्रा ओसरीपर्यंतच येऊ शकतो. त्याला कुत्र्यांचा द्वेष समजू नये. जे पाहुणे स्वतःची चादर, पाण्याचे भांडे आणि पाय पुसायला जुने फडके आणतात, त्यांच्यासाठी माझ्या सासूबाई स्वतःहून भाकरी बाजूला काढून ठेवतात.

ताराबाई पार्कहून

आंबोली आणि राधानगरीकडे जाणाऱ्यांनी रात्रीचा विचार अवश्य करावा. जंगलालगतच्या फार्महाउसवर ‘कुत्रा व्हरांड्यात राहील, आमचेही कुत्रे बाहेरच असतात’ असे सहज सांगितले जाते. ते मान्य करू नये. वस्तीलगत फिरणाऱ्या बिबट्यांच्या आहारात कुत्रे मोठ्या प्रमाणात असतात आणि साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. आमच्या मुक्कामी मालकांनी स्वतः सांगितले की त्यांचा आधीचा कुत्रा बिबट्याने अंगणातून नेला. आम्ही आमच्या कुत्र्याला दार लावून आत झोपवले आणि पहाटे लघवीसाठी नेतानाही दोघे मिळून, विजेरी घेऊन गेलो.

राधानगरी अभयारण्यात कुत्रा नेता येत नाही. गव्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे अभयारण्य 1958 सालचे आहे आणि तिथली बंदी योग्यच आहे, कारण पाळीव कुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखे रोग वन्य प्राण्यांना होऊ शकतात. दाजीपूरचा बेत असेल तर घरातले कोणीतरी मुक्कामी थांबेल हे आधीच ठरवावे. आम्ही आळीपाळीने गेलो.

मंगळवार पेठेतून

आमच्याकडे मोटार नाही, त्यामुळे मुंबईला रेल्वेने जातो. कुत्रा डब्यात सोबत हवा असेल तर एसी प्रथम वर्गाचा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्याकडे असावी लागते आणि पार्सल कार्यालयात कुत्र्याची नोंदणी करावी लागते. महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये हा वर्ग आहे. खरी अडचण पुढे येते. गाडी सकाळी मुंबईत पोहोचते आणि हॉटेलची खोली दुपारी मिळते. सामान ठेवून घेतात, कुत्रा ठेवून घेत नाहीत. लवकर प्रवेशाची व्यवस्था पैसे भरून का होईना, आधीच करून घ्यावी.

शाहूपुरीतून

माझा अनुभव सहलीचा नाही, तरी इथे लिहिणे गरजेचे वाटते. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ 55 फुटांच्या वर गेली. धोका पातळी 43 फूट आहे. आमच्या गल्लीत पाणी शिरले तेव्हा घर सोडावे लागले. नातेवाइकांकडे लहान बाळ होते, निवारा केंद्रात कुत्र्याला जागा नव्हती, शिरोलीजवळ महामार्ग बंद असल्यामुळे पुण्याकडे जाण्याचा मार्ग नव्हता. दोन लॉजनी नकार दिला. तिसऱ्या ठिकाणी व्यवस्थापकाने आमच्या ओल्या, थरथरणाऱ्या कुत्र्याकडे पाहिले आणि एकही प्रश्न न विचारता जिन्याखालची लहान खोली उघडून दिली. पाणी ओसरेपर्यंत आम्ही तिथेच राहिलो आणि त्याने नेहमीपेक्षा एक रुपयाही जास्त घेतला नाही. शहराच्या उंच भागात कुत्र्यासह राहू देणारी ठिकाणे कोणती, हे नदीकाठच्या प्रत्येक कुटुंबाने जून महिन्यातच विचारून ठेवावे. 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी आले तेव्हा आम्हाला शोधाशोध करावी लागली नाही.

कसबा बावड्याहून, पशुवैद्य

लसीकरणाची वही सोबत ठेवावी. चांगली हॉटेले रेबीजच्या लसीची तारीख पाहतात आणि ते त्यांनी पाहायलाच हवे. पावसाळ्यात घाटमाथ्यावर किंवा कोकणात जाणार असाल तर लेप्टोस्पायरोसिसची लसही चालू असावी. हा रोग उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून आणि चिखलातून पसरतो. होमस्टेच्या आवारात इतर कुत्री किंवा गुरे असतील तर गोचीड लागण्याची शक्यता मोठी असते. गोचीडताप परतल्यावर एक ते तीन आठवड्यांनी दिसतो, त्यामुळे कुत्र्याने खाणे सोडले किंवा तो मलूल दिसला तर कुठे मुक्काम केला होता हे डॉक्टरांना सांगावे. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या जांभ्या सड्यांवर फुरसे आढळते. संध्याकाळनंतर कुत्र्याला मोकळे सोडू नये.

रुईकर कॉलनीतून

पन्हाळ्याच्या ताईंनी खोलीत एकटे न ठेवण्याचा नियम लिहिला आहे, त्याला जोडून गुहागरकडच्या मुक्कामाविषयी लिहिते. समुद्राकाठचे घर भाड्याने घेतले होते आणि मालकांची एकच अट होती की किनाऱ्यावर पट्टा सोडायचा नाही. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे तिथे अंडी घालतात आणि कुत्रे ती उकरून खातात, हे त्यांनी किल्ली देतानाच समजावले. आम्ही लांब दोरी वापरली. कुत्र्याला धावायला घराचे कुंपण घातलेले परसू होते, आणि ते आहे की नाही हे मी नोंदणीआधीच छायाचित्र मागवून पाहिले होते. एअरबीएनबीवर नोंदणी करताना माणसांच्या संख्येसोबतच पाळीव प्राण्यांची संख्याही भरता येते. ती भरली की यजमानाचे प्राण्यांसाठीचे शुल्क, असल्यास, एकूण रकमेत आधीच दिसते आणि दारात उभे राहून पैशांची बोलणी करावी लागत नाही.