हे फीवर (परागकणांची अ‍ॅलर्जी): पोलन (परागकण) 'मॉडरेट' असतानाच जास्त त्रास का होतोय? मदत हवी आहे

मंडळी, यूकेत राहणाऱ्या कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा. आम्ही रेडिंगला असतो. पहिला उन्हाळा निवांत गेला, गेल्या वर्षी नाक गळलं तर सर्दी समजून सोडून दिलं, पण यंदा जून लागल्यापासून पार वाट लागलीय. डोळे चोळून लाल, टाळूला आतून खाज, आणि मीटिंगमध्ये म्यूटचं बटण सापडेपर्यंत चार शिंका देऊन मोकळा. फार्मसीतून सिट्रिझिन (अ‍ॅलर्जीची गोळी) आणलीय, रोज घेतो. मेट ऑफिसचं (इथलं हवामान खातं) पोलन फोरकास्टही बघतो पण गणित जुळत नाही, परवा 'व्हेरी हाय' होतं आणि मी दिवसभर बाहेर तरी त्यामानाने बरा, काल 'मॉडरेट' तर संध्याकाळी घरात बसून हाल. मग त्या फोरकास्टवर काही ठरवायचं की नाही? नाकातला स्टिरॉइड स्प्रे कुणी वापरता का? आई फोनवर म्हणते स्प्रेची सवय लागेल, हळद-दूध घे आणि खिडक्या उघडून झोप (खिडक्यांचीच तर भीती वाटते).

प्रतिसाद १:
फोरकास्ट अख्ख्या रीजनचं असतं हो, शेजाऱ्याने लॉन कापलं तर तुमच्यापुरतं 'व्हेरी हाय'च. गवताचं पोलन घनमीटरला ५० कण झालं की 'हाय' धरतात, पण आठवडाभर मारा झाला की नाक आतून सुजलेलं असतं, मग 'मॉडरेट'चे ३०-४० कणसुद्धा पुरतात. त्यात गरम दिवशी पोलन हवेबरोबर वर जातं आणि संध्याकाळी गारवा आला की खाली बसतं, तेव्हा खिडक्या बंदच ठेवा. स्प्रेची सवय लागत नाही. चोंदलेलं नाक पटकन मोकळं करणारे ड्रॉप्स असतात ना, ते जास्त दिवस मारले की उलटतात (नाक आणखी चोंदतं), लोक दोन्हीत घोळ करतात. स्प्रेचा पूर्ण गुण यायला दोनेक आठवडे लागू शकतात, म्हणून 'लो' असेल त्या दिवशीही मारायचा, नळी मधल्या पडद्याकडे नाही, कानाच्या बाजूला वळवून.

प्रतिसाद २:
बाहेरून आलात की अंघोळ, केसांसकट. नाकपुडीच्या कडेला व्हॅसलिन लावा, हसू नका, फरक पडतो. छातीत घरघर किंवा दम लागला तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरला गाठा, विशेषतः गडगडाटी पावसाच्या दिवशी, तेव्हा पोलनचे कण फुटून बारीक होतात आणि थेट छातीत उतरतात.

धागाकर्ता:
बाप रे, उशांचे अभ्रे आम्ही बागेतच वाळत घालतो, म्हणजे पोलन त्यांवरही बसत असणार! आजच आत घेतो. आणि एक राहिलं, सीझन संपला की स्प्रे एकदम बंद केला तर चालतो का?