अवशेष मर्यादा आणि युरोपचा शेतकरी: नियम मालाला, की शेतीला?

बांधावरचा (धागाकर्ता):
फ्रान्समध्ये साखरेसाठी बीट पिकवणाऱ्यांची तक्रार मला रास्त वाटते. बीटच्या बियाण्याला निओनिकोटिनॉइड गटातील कीडनाशक लावून पेरले, की कोवळ्या रोपांना मावा किडीचा त्रास होत नसे. २०१८मध्ये या गटातील तीन द्रव्यांचा उघड्या शेतातील वापर युरोपीय संघाने बंद केला. २०२०मध्ये माव्याने पसरवलेल्या विषाणूने फ्रान्समधले बीटचे मळे पिवळे पडले आणि उत्पादन सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पुढे मिळालेली आणीबाणीची सवलतही जानेवारी २०२३मध्ये युरोपीय न्यायालयाच्या निकालानंतर संपली. ब्राझीलच्या उसाला मात्र अशी आडकाठी नाही. स्वतःच्या शेतकऱ्याचे हात बांधून बाजार उघडा ठेवायचा, ही कसली स्पर्धा?

परागकण:
बाजार उघडा आहे हे अर्धेच खरे आहे. बंदी घातलेल्या तीनपैकी क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या दोन द्रव्यांचा अंश मालात किती उरलेला चालेल, ती अवशेष मर्यादा ७ मार्च २०२६पासून प्रयोगशाळेला जेमतेम मोजता येईल इतकी खाली आणली असून ती आयात मालालाही लागू आहे, आणि त्यासाठी दिलेले कारण खाणाऱ्याच्या आरोग्याचे नसून जगभरातील मधमाश्यांसारख्या परागवाहक कीटकांचे आहे. शिवाय ज्या मधमाश्यांवर सफरचंदाच्या बागा फळतात, त्या वाचवणे हेही शेतकऱ्याचेच हित नव्हे काय?

बांधावरचा:
कागदावर छानच आहे. पण शुद्ध केलेल्या साखरेत असा अवशेष सहसा उरतच नाही, मग बंदरावर तपासून सापडणार काय? मर्यादा पोत्यातल्या मालाला लागते. तो पिकवला कसा, हे ती विचारत नाही.

निफाडकर:
माल पाठवणाऱ्याची बाजू दोघांनीही सोडून दिलीत. ज्या द्रव्यासाठी युरोपने वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते, म्हणजे दहा टनांच्या दहा ट्रकांत मिळून एक ग्रॅम. २०१०च्या हंगामात नाशिकची द्राक्षे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अवशेषापायी युरोपात अडकली, आणि तोवर आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत त्याचे नावच नव्हते. आता निर्यातीच्या बागेतला नमुना आधी प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल येईपर्यंत घडाला कात्री लागत नाही. या शिस्तीने आमचे भलेच झाले, हे कबूल करतो. पण घरात बंदी घातलेली कीडनाशके युरोपातले कारखाने बाहेरच्या देशांना विकतात, त्याचे काय? फ्रान्सने ती निर्यात २०२२पासून कायद्याने थांबवली. संघभर तशी बंदी अजून नाही.

परागकण:
हा मुद्दा बिनतोड आहे. आधी ती विक्री थांबवावी, मगच इतरांना मधमाश्यांचे धडे द्यावेत.

बांधावरचा:
विक्री थांबवायला माझी ना नाही. परंतु त्याने बीटवरचा मावा हटत नाही. रोगाला दाद न देणारे वाण शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत सवलत हवीच, यावर मी ठाम आहे.