पहिला खर्डा लिहून झाला. पुस्तक होईपर्यंतच्या कामांचा क्रम काय असावा?

कोरा_समास

कादंबरीचा पहिला खर्डा पूर्ण आहे, साधारण ८५ हजार शब्द. आता भाषा घासूनपुसून घ्यायची, आधी कुणाला वाचायला द्यायचं, की थेट प्रकाशकाकडे पाठवायचं, हे ठरत नाही. "पुनर्लेखन करा" हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण म्हणजे नेमकं काय करायचं, आणि कशाआधी काय केलं तर मेहनत वाया जाते, हे जाणकारांनी सांगावं. करार आणि छपाईपूर्वीची कामं यांबद्दलही लिहिलंत तर फार बरं होईल. शिवाय पुढची एक कल्पना डोक्यात घोळते आहे. तिच्यात कादंबरीएवढा जीव आहे की नाही, हे लिहायला बसण्याआधी कसं ओळखावं?

लाल_शाई

मोठं आधी, बारीक नंतर, एवढा एक नियम पाळला तरी निम्मं काम वाचतं. आधी प्रसंगांची गरज आणि त्यांचा क्रम, मग पात्रं आणि काळ यांचा मेळ, मग परिच्छेद, मग वाक्य, आणि शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटं करतात. पहिलं प्रकरण घासून घासून चकचकीत करतात आणि मग लक्षात येतं की कादंबरी खरी सुरू होते दुसऱ्या प्रकरणापासून. घासलेलं पान कापायला हात धजावत नाही, म्हणून ते तसंच राहून जातं. पहिलं प्रकरण सुबक आणि पुढचं सगळं विस्कळीत, अशी हस्तलिखितं संपादकांकडे सतत येत असतात.

आता प्रत्यक्ष काम. खर्डा चार ते सहा आठवडे बंद ठेवा. मग कागदावर छापून, शक्यतो लिहिताना वापरला त्याहून वेगळ्या फाँटमध्ये, दोन-तीन दिवसांत सलग वाचा. या वाचनात दुरुस्ती करायची नाही. समासात फक्त तीन खुणा: कंटाळा आला, पटलं नाही, कळलं नाही.

त्यानंतर प्रसंगांचा तक्ता. एक प्रसंग दीड-दोन हजार शब्दांचा धरला तर ४५ ते ५५ प्रसंग निघतील. प्रत्येकाला एक ओळ आणि पाच रकाने: कुठे, केव्हा, कोण, कुणाच्या नजरेतून, आणि प्रसंग संपताना काय बदललं. शेवटच्या रकान्यात "दोघं बोलतात" किंवा "तिला जुनं आठवतं" एवढंच लिहिता येत असेल, तर तो प्रसंग काढून टाकायचा आणि त्यातली कामाची माहिती शेजारच्या प्रसंगात हलवायची. 'केव्हा'चा रकाना भरताना तर चुका आपोआप उघड्या पडतात. सोमवारनंतर तीन दिवसांनी रविवार उजाडलेला असतो, अमावास्येच्या दुसऱ्या रात्री टिपूर चांदणं पडलेलं असतं. पात्रांची जन्मसालं याच तक्त्याच्या खाली लिहून ठेवा, म्हणजे मुलगा आईपेक्षा बाराच वर्षांनी लहान निघणार नाही.

प्रसंगांच्या सुरुवाती हमखास लांबलेल्या असतात. हा नमुना बघा:

"सकाळ झाली. मंदाने खिडकी उघडली. बाहेर धुकं होतं. तिने चहा ठेवला आणि पेपर हातात घेतला. तेवढ्यात फोन वाजला. 'तुमचे भाऊ घर सोडून गेलेत,' पलीकडून वहिनी म्हणाली."

पहिली पाच वाक्यं लेखकाला प्रसंगात शिरण्यासाठी लागली, वाचकाला ती लागत नाहीत. "'तुमचे भाऊ घर सोडून गेलेत,' फोनवर वहिनी म्हणाली. मंदाच्या हातातल्या पेपरची घडीही अजून मोडली नव्हती." सकाळ, घर, नातं सगळं यात आलं. प्रत्येक प्रसंगाचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद असा तपासला की खर्डा सहज आठ-दहा टक्क्यांनी उतरतो.

भाषेकडे वळाल तेव्हा एका कागदावर तुमचे भाषिक निर्णय लिहून काढा: निवेदनात 'केलं' की 'केले', 'तिनं' की 'तिने', 'म्हटलं' की 'म्हणलं', आकडे अंकांत की अक्षरांत, संवादाला एकेरी अवतरण की दुहेरी. पुढे संपादक आणि मुद्रितशोधक दोघांनाही हाच कागद लागतो. हे बदल "सगळीकडे बदला" अशी आज्ञा देऊन मात्र करू नका. 'केले'चं सरसकट 'केलं' केलं की "त्यांनी प्रयत्न केलं" असं वाक्य होऊन बसतं, कारण अनेकवचनातला 'केले' तसाच राहायला हवा. पात्राचं नाव बदलतानाही तेच. 'राम'चा 'सुधीर' केला की 'आराम'चा 'आसुधीर' होतो. एकेक जागा बघूनच बदला.

आडवा_छेद

कल्पनेच्या प्रश्नाबद्दल. 'स्थलांतर' हा विषय आहे, कल्पना नव्हे. कुणाला काय हवंय, आड काय येतंय आणि ते न मिळालं तर काय गमवावं लागेल, हे एका वाक्यात बसलं की कल्पना तयार झाली म्हणायचं. मग त्या वाक्यातून घडू शकतील असे वीस प्रसंग क्रमाची पर्वा न करता, प्रत्येकी एका ओळीत लिहा. सहा-सातवर गाडं अडलं आणि काही दिवसांनीही पुढे सरकलं नाही, तर ती कथा आहे. कथा म्हणून ती उत्तम होईल, तिला ताणू नका.

लाल_शाईंचा तक्ता खर्डा झाल्यावर अगदी योग्य, पण लिहिण्याआधीच पन्नास प्रसंग ठरवून टाकणं मला घातक वाटतं. मग पात्रं ठरलेल्या ठिकाणी पोचण्यासाठी न पटणारे निर्णय घेऊ लागतात आणि वाचकाला लेखकाचा हात दिसतो. चारच खुंट्या ठोकाव्यात: सुरुवातीची स्थिती, जिथून मागे फिरता येत नाही तो निर्णय, मध्यावर उलटणारी समजूत आणि शेवट. मधल्या वाटेवर फक्त पुढचे तीन प्रसंग ठरवत जायचं. रहस्यकथा याला अपवाद. तिथे गुन्हा प्रत्यक्षात कसा घडला, याचं तासावारी वेळापत्रक आधी हवं, आणि प्रत्येक धागा कोणत्या पानावर दिसला नि कोणत्या पानावर कामाला आला, याची नोंदही हवी.

बहुतेक कादंबऱ्या २५ ते ३० हजार शब्दांवर अडतात. तोवर सुरुवातीची परिस्थिती वापरून संपलेली असते आणि आडवं येणाऱ्या माणसाला स्वतःचं काही हवंय, याचा विचारच झालेला नसतो. अशा वेळी पहिल्या प्रकरणाकडे परत जाऊ नका. त्या दुसऱ्या माणसाच्या बाजूने, त्याच्याच तोंडून दोन पानं लिहा. ती पुस्तकात येणार नाहीत, पण गोष्ट पुढे सरकते.

वेगाचं गणित साधं आहे. दिवसाला ५०० शब्द, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे ८५ हजारांना ३४ आठवडे. ललितेतर पुस्तक असेल तर आधी सगळं लिहूच नका. प्रकरणांचा आराखडा, दोन नमुना प्रकरणं, वाचक कोण, आणि याच विषयावरच्या उपलब्ध पुस्तकांत काय राहून गेलंय, एवढा प्रस्ताव प्रकाशकाला पुरतो. त्यांनी रोख बदलायला सांगितला तर दोनच प्रकरणं बदलावी लागतात.

कोरा_समास

दोघांचेही आभार, तक्ता आजच सुरू करतो. बाहेरच्या माणसांना कधी आणि किती जणांना द्यायचं? आणि दोघांनी अगदी उलट मतं दिली तर?

लाल_शाई

दुसऱ्या खर्ड्यानंतर द्या. पहिल्यात जे दोष तुम्हालाच दिसताहेत, ते दाखवण्यात वाचक खर्च करू नका, कारण कोणालाही कोऱ्या नजरेनं एकदाच वाचता येतं. चार-पाच जण पुरेत. त्यातले निदान दोघे अशाच प्रकारची पुस्तकं नेमानं वाचणारे असावेत, आणि कादंबरीत एखादा व्यवसाय आला असेल तर एक जण त्यातला माहीतगार.

"कसं वाटलं?" विचारलंत तर "छान" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा विचारा: वाचताना कुठे थांबलात? कोण कोण हे कळेना म्हणून मागची पानं कुठे चाळावी लागली? शेवटाचा अंदाज कोणत्या प्रकरणात आला? कोणाचं नाव आता आठवत नाही?

उलट मतं आली तर ठिकाण बघा, उपाय बघू नका. एक म्हणतो भांडणाचा प्रसंग लांबला, दुसरा म्हणतो तोच अपुरा आहे. दोघंही त्याच जागी अडखळले, हे महत्त्वाचं. दोष अनेकदा त्या पानात नसून वीस-तीस पानं आधी असतो, भांडणाचं कारण तिथे पेरायचं राहून गेलेलं असतं.

कलमदान

प्रकाशकाकडे पाठवताना प्रत्येकाच्या सूचना आधी वाचा. साधारणपणे एका पानाचं पत्र, कथानकाचा ५०० ते १००० शब्दांचा सारांश आणि पहिली तीन प्रकरणं मागतात. सारांशात शेवट सांगायचाच. "पुढे काय होतं ते वाचूनच पाहा" ही भाषा मलपृष्ठावर चालते. संपादकाला मात्र शेवट निभावलाय का, हेच बघायचं असतं. एकाच वेळी अनेकांना पाठवलं असेल तर पत्रात तसं लिहा.

दुसऱ्याच्या कवितेच्या किंवा गाण्याच्या ओळी घेतल्या असतील तर परवानगीचं काम आत्ताच करा. चारच ओळी असल्या तरी हक्क जिवंत असेल तर विचारावं लागतं, आणि बहुतेक करारांत ही जबाबदारी लेखकाची असते. परवानगी शेवटपर्यंत आली नाही तर तो प्रसंग छपाईच्या तोंडावर बदलावा लागतो.

करारात मानधनाची टक्केवारी कशावर, हे आधी बघा. छापील किमतीवर १० टक्के आणि निव्वळ प्राप्तीवर १० टक्के यांत मोठा फरक आहे. विक्रेत्याला ४० टक्के सूट गेली, तर निव्वळ प्राप्तीवरचे १० टक्के म्हणजे छापील किमतीचे फक्त ६ टक्के. दुसरं, हक्क कायमचे देऊन टाकू नका, ठरावीक मुदतीसाठी प्रकाशनाचा परवाना द्या. छापील, ई-पुस्तक, श्राव्य, अनुवाद आणि चित्रपट-मालिका हे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. तिसरं कलम फार जण नीट वाचत नाहीत: पुस्तक अनुपलब्ध झालं तर हक्क लेखकाकडे परत. पण ई-पुस्तक किंवा मागणीनुसार छपाई चालू असली की पुस्तक कागदोपत्री कायमच 'उपलब्ध' असतं आणि हक्क कधीच परत येत नाहीत. म्हणून तिथे वर्षाला किमान अमुक प्रतींची विक्री, अशी अट घालून घ्या.

फर्मा_सोळा

छपाईकडचं सांगतो. मजकूर युनिकोडमध्येच द्या. जुन्या फाँटमधून रूपांतर केलं की 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात. युनिकोडमध्येही 'ऱ्या' दोन प्रकारे टंकता येतो. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना एक सापडतो तेव्हा दुसरा सापडत नाही. सुरुवातीलाच एका प्रकारावर आणा.

पानांचा हिशेब असा. पुनर्लेखनात कादंबरी ८० हजारांवर आली असं धरू. डेमी या कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकारात, १३ पॉइंट अक्षर आणि १८ पॉइंट ओळअंतर ठेवलं तर पानाला सुमारे २८० शब्द, म्हणजे २८६ पानं. शीर्षकपान, श्रेयपान, अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका यांची ८ धरून २९४. पण छपाई १६ पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या गठ्ठ्यांत, होते. १८ फर्मे म्हणजे २८८, १९ म्हणजे ३०४. एकतर सहा पानं कमी करायची, नाहीतर दहा पानं भरायची. हे आकार आणि अक्षर ठरवतानाच सोडवावं. शेवटी ओळअंतर आवळून सहा पानं वाचवली की वरच्या ओळीच्या उकारांना खालच्या ओळीच्या मात्रा भिडतात आणि वाचणाऱ्याचे डोळे शिणतात.

मुखपृष्ठाचा कणा पानं आणि कागद दोन्ही पक्के झाल्याशिवाय आखू नये. ३०४ पानं म्हणजे १५२ कागद. कागदाची जाडी ०.१ मिमी असेल तर कणा १५.२ मिमी, ०.१२ असेल तर १८ मिमीच्या वर. एवढ्या फरकानं कण्यावरचं नाव सरळ मुखपृष्ठावर सरकतं. चित्रं छापायच्या आकारात ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) हवीत, आणि कडेपर्यंत जाणारी असतील तर चारी बाजूंनी ३ मिमी जादा.

मुद्रितं, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या प्रती, साधारण तीन निघतात. पहिलं मूळ प्रतीशी ओळीगणिक ताडून, दुसरं स्वतंत्र सलग वाचन म्हणून, तिसऱ्यात केवळ सांगितलेल्या दुरुस्त्या झाल्या का आणि त्या करताना शेजारी काही बिघडलं का, एवढंच. तिसऱ्यात नवीन वाक्य घालू नका. एक ओळ वाढली की परिच्छेद पुढच्या पानावर जातो, अनुक्रमणिकेतले आकडे चुकतात. ललितेतर पुस्तकात शब्दसूची असेल तर ती पानं कायम झाल्यावरच करायची.

मोठ्या अक्षरातल्या चुका सगळ्यात जास्त सुटतात, कारण शोधणाऱ्याची नजर बारीक मजकुरावर असते. शीर्षकपान, कणा, मलपृष्ठ आणि प्रकरणांची शीर्षकं वेगळी बसून, मोठ्यानं वाचा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, स्वतः तपासा. १३ अंकांपैकी पहिल्या १२ अंकांना आळीपाळीनं १ आणि ३ नं गुणून बेरीज करा. त्यात तेरावा अंक मिळवल्यावर येणाऱ्या संख्येला १० नं पूर्ण भाग जायला हवा. कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात.

कोरा_समास

हे सगळं करूनही छापील प्रतीत चुका दिसल्या तर? दुसऱ्या आवृत्तीला नवा आयएसबीएन लागतो का?

फर्मा_सोळा

मजकूर तोच ठेवून किरकोळ दुरुस्त्या केल्या तर ते पुनर्मुद्रण, क्रमांक तोच राहतो. प्रकरण वाढवलं किंवा मजकूर लक्षणीय बदलला तर ती सुधारित आवृत्ती, तिला नवा क्रमांक. पहिल्या छपाईतली एक प्रत बाजूला ठेवून त्यावर 'दुरुस्ती प्रत' असं लिहा. चूक दिसली की त्याच पानावर खूण, मुखपृष्ठाच्या आत पान-ओळ क्रमांकाची यादी. पुनर्मुद्रणाचा निर्णय अनेकदा घाईत होतो आणि जुनी फाइल तशीच छपाईला जाते, म्हणून प्रती संपत आल्याचं कळताच ती यादी आपणहून प्रकाशकाकडे पाठवा. दुरुस्ती शक्यतो तेवढ्याच अक्षरांत बसवा, म्हणजे पान हलत नाही.