ओळख परेडीत आरोपी ओळखला, तरी तो सुटतो कसा?

प्रश्न: साक्षीदाराने तुरुंगातल्या परेडीत आरोपीला बिनचूक ओळखलं, तरी कोर्टाने ते ग्राह्य धरलं नाही. असं का होतं?

उत्तर १: मूळ पुरावा म्हणजे कोर्टात शपथेवर पटवलेली ओळख, परेड तिला फक्त दुजोरा देते. पोलिसांनी आधी फोटो दाखवला किंवा आरोपीला बुरखा न घालता नेलं, की परेडीचा जीव गेलाच. चेहरा साक्षीदाराला आठवतो, पण कुठे पाहिलेला, याची मनात सरमिसळ होते.

उत्तर २: पंचनामा बघा. महाराष्ट्रात एका संशयितामागे किमान सहा डमी, म्हणजे रांगेत त्याच्यासोबत उभी केलेली इतर माणसं, लागतात, तेही वय, उंची, बांधा यांत जुळणारे. आरोपीच्या कपाळावर व्रण असेल तर सगळ्यांच्याच कपाळाला पट्टी हवी. परेड दंडाधिकारी घेतात, पोलिसांनी तिथे थांबायचं नसतं. यातलं काही नोंदवलं नसेल, तर उलटतपासात बचावाचे वकील नेमकं तिथेच बोट ठेवतात.

उत्तर ३: साक्षीदार आरोपीला आधीपासून ओळखत असेल तर परेडीची गरजच नाही. अनोळखी असेल तर उशीर फार महागात पडतो. ‘आरोपी यात असेलच असं नाही’, हे साक्षीदाराला स्पष्ट सांगायलाच हवं. नाहीतर तो त्यातल्या त्यात मिळताजुळता चेहरा निवडतो, आणि तेही पूर्ण खात्रीने.