बारावीनंतर संगीतात पदवी की विशारद? आणि पुढे पोटापाण्याचं काय?

ठाकुर्लीकर

नमस्कार मंडळी. पुतणी यंदा बारावी कॉमर्सला आहे. हिंदुस्थानी कंठसंगीत शिकते, गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा परीक्षा पूर्ण झालीय, पेटीवर स्वतःची साथ करण्यापुरता हात आहे. तिला संगीतातच पदवी करायचीय. घरातली मोठी माणसं म्हणतात, बी.कॉम. कर, गाणं बाजूला चालू ठेव, विशारद (त्याच मंडळाची वरची परीक्षा) झालीस की ती पदवीच धरतात. तर विशारद खरंच पदवीच्या बरोबरीनं चालते का? मुंबईत विद्यापीठात संगीत कुठे शिकता येतं? आणि शिकून नेमकी कोणती कामं मिळतात? 'आवड असली की सगळं जमतं' हे घरी रोज ऐकतोय, ते सोडून सांगा.

काळी_चार

विशारद म्हणजे पदवी, हे अर्धंच खरं आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळ परीक्षा घेतं, ते विद्यापीठ नाही. त्यांचा अभ्यासक्रम कुठल्याही बी.ए.च्या तोंडात मारेल असा आहे, पण अर्जावर 'मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी' असं लिहिलेलं असेल तिथे नुसती विशारद चालत नाही. तिचा उपयोग वेगळा आहे. कुठल्याही शाखेची पदवी आणि जोडीला विशारद असेल तर काही विद्यापीठं एम.ए. संगीताला प्रवेश देतात. म्हणजे बी.कॉम., विशारद आणि मग एम.ए. हा रस्ता आहेच, घरच्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही.

पण एक मेख आहे. कॉलेजात शिकवायचं असेल तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीत संगीतासाठी दोन दारं आहेत. पहिलं नेहमीचं: एम.ए.ला ५५ टक्के (राखीव गटांना ५०) आणि नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा), किंवा पीएच.डी. दुसरं कलाकारांसाठी: नामांकित गुरूकडे शिक्षण, आकाशवाणी किंवा दूरदर्शनची 'ए' श्रेणी, शिवाय विषय उलगडून सांगता येणं आणि थिअरी शिकवता येणं. या दुसऱ्या दारावर 'संबंधित विषयातली पदवी' अशी अट आहे. बी.कॉम. केलेल्या गायिकेला उद्या 'ए' श्रेणी मिळाली तरी ते दार तिला उघडत नाही. संगीतात बी.ए. किंवा बी.एफ.ए. केलेलीला उघडतं. हा फरक आत्ता, बारावीतच कळायला हवा. (जाहिरात निघेल तेव्हाचे नियम मात्र परत वाचायचे.)

नेटबद्दलही सांगून ठेवतो. तीन तासांत १५० प्रश्न, ३०० गुण. त्यातले पहिल्या पेपरचे ५० प्रश्न गाण्याचे नसतातच. अध्यापन, संशोधनपद्धती, तर्क, आकडेवारीचे तक्ते वाचणं असलं सगळं. गाणारी मुलं दुसऱ्या पेपरची तयारी करतात आणि इथे गुण सोडून येतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. आणि नेट झाली म्हणजे नोकरी लागली असं नाही. संगीताच्या कायम जागा मोजक्या, बाकी सीएचबीवर, म्हणजे तासांप्रमाणे पैसे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही.

कुठे शिकायचं: मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग चर्चगेटला आहे, १९६९पासूनचा. अशोक दा. रानडे तिथले पहिले संचालक, त्यामुळे गाण्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून बघायची तिथली जुनी शिस्त. चर्चगेटलाच एसएनडीटीचा संगीत विभाग, फक्त मुलींसाठी. प्रभा अत्रे तिथे विभागप्रमुख होत्या. ठाकुर्लीहून दोन्ही लांबच. जाऊन-येऊन तीन-साडेतीन तास प्रवासात जाणार, तेव्हा रियाज सकाळी निघायच्या आधी की विभागातल्या रिकाम्या खोलीत, हे प्रवेशाच्या आधी ठरवा. रात्री घरी आल्यावर करू म्हणणाऱ्यांचा पावसाळ्यापर्यंत रियाज सुटलेला असतो.

गांधर्वकडून विद्यापीठात जाणाऱ्या मुलांची एक हमखास चूक लेखी पेपरात होते. क्लासमध्ये पलुस्कर लिपी शिकलेली असते, विद्यापीठात बहुतेक ठिकाणी भातखंडे लिपी. पलुस्करांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र (खालच्या सप्तकातला), तार (वरच्या सप्तकातल्या) स्वराला वर उभी रेघ. भातखंड्यांच्या लिपीत डोक्यावर टिंब म्हणजे तार, मंद्राचं टिंब खाली. म्हणजे एकच खूण दोन लिपींत दोन टोकांच्या सप्तकांची. कोमल स्वराला पलुस्करांकडे खाली हलन्त, भातखंड्यांकडे खाली आडवी रेघ. घाईत दोन्ही मिसळल्या की बंदिश बरोबर आठवूनही गुण जातात. पहिल्या महिन्यात पाठ असलेल्या दहा बंदिशी भातखंडे लिपीत लिहून काढल्या की हात बसतो.

मिक्सवाला_अंधेरी

वरचं सगळं नोकरीच्या बाजूचं झालं, मी कामाच्या बाजूचं सांगतो. स्टुडिओत कुणी पदवी विचारत नाही. स्क्रॅच (आधी नमुन्यादाखल रेकॉर्ड करायचं कच्चं) गाणं, कोरस, मालिकांची शीर्षकगीतं, जाहिरातींच्या जिंगल, भक्तिगीतांचे अल्बम अशी कामं असतात आणि यातलं बरंचसं आता गायक घरी रेकॉर्ड करून पाठवतात. त्यामुळे आवाजाइतकीच फाइल नीट लागते.

माइक तोंडापासून वीतभर लांब, मध्ये पॉप फिल्टर. पंखा, एसी बंद. हेडफोन बंद कपांचे हवेत आणि दोन्ही कानांवर. क्लासिकलवाल्यांना एक कान उघडा ठेवायची सवय असते, मग त्या कपातून क्लिक (लय धरायला हेडफोनमध्ये वाजणारा ठोका) माइकमध्ये झिरपतो आणि आलापाच्या शांत जागेत टिकटिक ऐकू येते. ती काढता येत नाही, परत गावं लागतं. लेव्हल सर्वांत मोठ्या तानेला उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान. फाइल मोनो वेव्ह, २४ बिट, गाण्याच्या शून्यापासून सुरू होणारी, रिव्हर्ब (घुमारा) न लावलेली, ट्यूनिंग न केलेली. एमपी३ पाठवू नका.

सॅम्पल रेट (आवाजाचे सेकंदाला किती नमुने घेतले तो आकडा) आधी विचारायचा. चित्रपट आणि मालिकांना साधारण ४८ किलोहर्ट्झ, नुसत्या गाण्याला बऱ्याचदा ४४.१. तुमची ४८ची फाइल समोरच्याच्या ४४.१च्या सेशनमध्ये रूपांतर न होता पडली, तर गाणं संथ होतं आणि सूर जवळजवळ दीड सेमीटोन खाली येतो. संगीतकाराला वाटतं गायिका बेसूर आहे. फोनवर हे समजावत बसण्यापेक्षा फाइलच्या नावातच रेट आणि टेम्पो लिहा.

गायकीतली अडचण वेगळी. खयाल शिकलेली मुलगी मींड घेत स्वरावर पोचते तोवर क्लिक पुढे गेलेला असतो. रोज पंधरा मिनिटं तबला बंद करून मेट्रोनोमवर गायचं, शब्द ठोक्यावर पडला पाहिजे. स्वरपट्टी संगीतकार सांगेल ती, 'माझी काळी चार आहे' (म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर माझा सा) हे तिथे चालत नाही (काळी_चार, राग नसावा). आणि हिंदी उच्चार! आपला मराठी च, ज हिंदीत लगेच पकडला जातो. 'फिर'चा फ ओठ मिटून, 'फ़ासला'चा दात लावून. आपण दोन्ही एकसारखेच म्हणतो. ग़ आणि ख़ तर सोडूनच द्या. शास्त्रीय शिकलेल्या मराठी मुलींच्या हातून कामं जातात ती बेसूरपणामुळे कमी आणि यामुळे जास्त.

पैशाचं: पॅन आणि बिल तयार ठेवा, मोठ्या कंपन्या १० टक्के टीडीएस कापून देतात, तो विवरणपत्र भरलं की हिशेबात धरला जातो. पुतणी स्वतः चाली करत असेल तर आयपीआरएसची (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेची) सभासद व्हायला सांगा. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराच्या रॉयल्टीचा हक्क 'एकरकमी सगळं दिलं' असं लिहून घेतलं तरी जात नाही. गायकांची संस्था वेगळी, इसाम्रा (आधीचं नाव इस्रा). चालीत कुणाचा किती वाटा हे गाणं बाहेर पडायच्या आधी कागदावर आणा, नंतर मैत्री आणि वाटा दोन्ही जातात.

साउंड इंजिनिअर व्हायचा विचार असेल तर एक अडथळा आहे. पुण्याच्या एफटीआयआयच्या ध्वनिमुद्रण अभ्यासक्रमाला पदवी कुठलीही चालते, पण बारावीला फिजिक्स हवं अशी अट आहे. कॉमर्सवालीला तो रस्ता बंद. खासगी संस्था असं काही विचारत नाहीत, फी मात्र सणसणीत असते. फी भरायच्या आधी स्टुडिओत प्रत्यक्ष किती तास बसायला मिळेल ते लेखी घ्या.

सप्तक_शाळा

नियमित पगार हवा असेल तर शाळा. केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक संगीत शिक्षकाला संगीतातली पदवी लागते. सीबीएसई, आयसीएसई खासगी शाळांत नियम सैल, विशारदही चालते, पण मुलाखतीत पेटी किंवा कीबोर्डवर समोर ठेवलेलं गाणं लगेच वाजवायला लावतात.

शाळेत पहिल्या वर्षी हमखास चुकतं ते पट्टीत. शिक्षिका आपल्या काळी चार-पाचमध्ये प्रार्थना बसवते. त्यात मंद्रातले स्वर आले की सात-आठ वर्षांच्या मुलांचा आवाज तिथे पोचतच नाही, मग मुलं गुरगुरतात किंवा ओरडतात. लहान मुलं मधल्या पांढरी एकपासून वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत आरामात गातात. प्रार्थना सा ते तार सा इतकीच फिरत असेल तर षड्ज पांढरी एक किंवा काळी एक. एक स्वर खाली की वर हे वर्गात बसून ठरवा, घरी नाही. कार्यक्रमातला ट्रॅक कराओकेचा असेल तर तोही त्याच पट्टीत उतरवून घ्या.

ठाकुर्लीकर

मनापासून आभार. बी.कॉम.चा मुद्दा आज रात्री जेवताना निघणार, 'संबंधित विषयातली पदवी' हे वाक्य पाठ केलंय. अजून दोन गोष्टी: विभागात प्रवेशाला गाऊन दाखवावं लागतं म्हणतात, तर काय तयारी ठेवायची? आणि आकाशवाणीची श्रेणी कशी मिळते?

काळी_चार

प्रवेशाला फार अवघड राग नेऊ नये. यमन, भूप, बिहाग असला एखादा राग, विलंबित आणि द्रुत, आणि तो अडवला की तिथूनच पुढे गाता आला पाहिजे. परीक्षक मध्येच थांबवून 'हाच आलाप सरगमनं घ्या', 'आता हातावर ताल देऊन झपताल म्हणा' असं विचारतात. बंदिश ठेक्यासकट पाठ असते पण समेआधीची मात्रा विचारली की गडबड होते, तेवढं घोटून घ्या. मोबाइलवरचा तानपुरा न्यायचा तर छोटा स्पीकर बरोबर असू द्या, फोनचा आवाज त्या खोलीत पुरत नाही. पंचम वर्ज्य नसलेल्या रागाला पंचमाची जोडी चालेल, पण मारव्याला पंचमावर लावलेला तानपुरा ठेवून बसलेलं परीक्षकांना दिसलं की पुढचं ऐकण्याआधीच त्यांचं मत झालेलं असतं.

आकाशवाणी: बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेणी. आधी स्थानिक समिती ऐकते, मग ध्वनिमुद्रण वरच्या समितीकडे जातं. अर्जात रागांची यादी द्यावी लागते आणि त्यातला कुठला गायचा हे समितीही सांगू शकते. यादी लांबलचक करून भाव मारायला जाऊ नये, प्रत्येक राग तयार हवा. ठरलेल्या मिनिटांत आलाप, बंदिश, ताना सगळं दिसायला हवं. सुरुवातीच्या नोम-तोम आलापातच वेळ संपला तर उरलेलं कुणी ऐकत नाही. घड्याळ लावून घरी गाऊन बघायचं.

आणि अजून एक. सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक संस्थेमार्फत तरुण कलाकारांना केंद्राची शिष्यवृत्ती असते: वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. गुरूकडे किमान पाच वर्षं शिकल्याचं पत्र लागतं. गुरूंकडून तारीखवार पत्र आत्ताच घेऊन ठेवा, अर्जाच्या आठवड्यात गुरुजी दौऱ्यावर असतात.